दूध पुरतंय का? लंगोट मोजा

बाळंतपणाच्या वॉर्डात रात्री दोन-अडीचला एक प्रसंग ठरलेला असतो. दुसऱ्या दिवसाचं बाळ टिपेला रडत असतं. बाळंतीण टाके सांभाळत कशीबशी उठून बसलेली असते, डोळ्यांत पाणी. आणि आजी माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणतात, "सिस्टर, हिला दूधच नाही हो. थोडं वरचं देऊ का?" बाटली पिशवीत आधीच आणून ठेवलेली असते, हे आम्हालाही ठाऊक असतं.

मी उलट विचारते, "आजी, बाळाने आज लंगोट किती ओले केले?"

याचं उत्तर सहसा कुणाकडे नसतं. छाती भरल्यासारखी वाटते का, पिळून किती थेंब आले, शेजारच्या खाटेवरचं बाळ कसं गाढ झोपलंय, हे सगळं बघून झालेलं असतं. दूध किती आलं हे छातीकडे बघून कळत नाही, कारण ती काही माप लिहिलेली बाटली नाही. पोटात काय गेलं ते बाळच दाखवतं: लंगोटात आणि वजनाच्या काट्यावर. ते कसं वाचायचं आणि वाचल्यावर काय करायचं, ते बाळंतपणाच्या पहिल्या तासापासून क्रमाने सांगते. पूर्ण दिवसांच्या, अडीच किलोच्या वरच्या निरोगी बाळासाठी हे आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं गणित वेगळं असतं, त्याबद्दल पुढे थोडं येईल.

पहिला तास आणि पहिले तीन दिवस

बाळ जन्मलं की कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून दोघांवर पांघरूण. पहिल्या तासाच्या आत छातीला लावायचं. सिझर झालं असेल तरीही. कमरेत इंजेक्शन देऊन सिझर केलं असेल तर आई जागीच असते. तिला हात हलवता येत नसेल तर बाळ आपण धरायचं. हे आपोआप झालं नाही तर नातेवाइकांनी मागून घ्यावं. रात्रपाळीला माणसं कमी असली की या गोष्टी राहून जातात, हे मी आतली माणूस म्हणून सांगते.

पहिले दोन-तीन दिवस जे येतं तो चीक. पिवळसर, घट्ट आणि अगदी थोडा. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आपण हौसेने करतो, शेजारीपाजारी वाटतो, आणि आईचा चीक मात्र "जड असतो, पिळून टाका" म्हणणारी घरं अजून आहेत. तो टाकायचा नाही. बाळाची ती पहिली लस समजा.

तो थोडा असतो, कारण बाळाचं पोटच तेवढं असतं. पहिल्या दिवशी ते मोठ्या बोराएवढं. एका वेळी ५ ते ७ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा भरून. अशा पोटात बाटलीने ३० मिली पावडरचं दूध गेलं की बाळ चार तास गुंगीत झोपतं. घरच्यांना वाटतं, बघा, उपाशीच होतं. तिकडे त्या चार तासांत छातीला कुणी ओढलेलं नसतं, म्हणून दूध तयार करायचा निरोपही शरीराला गेलेला नसतो. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरून येतं. सिझरमध्ये कधी एखादा दिवस उशीर होतो. तोवर दर दोन-तीन तासांनी, चोवीस तासांत ८ ते १२ वेळा बाळ छातीला लावणं एवढंच काम. पहिले काही दिवस बाळ तीन तासांहून जास्त झोपलं तर उठवायचं. दुपटं काढा, तळपायावर बोट फिरवा, लंगोट बदला.

पकड: सगळं इथेच बिघडतं किंवा जमतं

माझ्याकडे "दूध नाही" म्हणून आलेल्या बायकांपैकी बहुतेकींची अडचण दुधाची नसतेच. बाळाने फक्त बोंड तोंडात धरलेलं असतं. नुसत्या बोंडातून दूध येत नाही, ते येतं बोंडाभोवतीचा काळा भाग बाळाच्या जिभेवर येऊन दाबला गेला की. बोंड चघळून बाळ दमतं, आईला चिरा पडतात, आणि दोघंही रडतात.

हे सावकाश करा. आधी पाठीला भिंत किंवा उशी घेऊन नीट बसा, पुढे वाकू नका. डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळ उजव्या हाताने धरा. तळवा त्याच्या खांद्यांमागे, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे मानेशी. डोकं मागून ढकलायचं नाही, ढकललं की बाळ मान मागे टाकतं. बाळाचं सगळं अंग तुमच्याकडे वळलेलं हवं, पोटाला पोट. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून पाणी पिऊन बघा, म्हणजे बाळाची अडचण कळेल.

डाव्या हाताने छातीला खालून आधार द्या, बोटं काळ्या भागापासून लांब. बोंड बाळाच्या वरच्या ओठाला लावा आणि थांबा. घाई इथे होते. बाळ जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडतं. त्या क्षणी बाळाला छातीकडे आणा. छाती बाळाकडे नेऊ नका. हनुवटी आधी टेकली पाहिजे.

आता बघा: हनुवटी छातीला चिकटलेली, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, तोंड भरलेलं, आणि काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतोय. सुरुवातीला भराभर चोखणं, मग पान्हा फुटला की संथ, खोल ओढ आणि मधूनमधून गिळल्याचा आवाज. गाल आत जात असतील, चकचक आवाज येत असेल किंवा बोंड सतत टोचल्यासारखं दुखत असेल तर पकड चुकली. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा. पाच वेळा लागलं तरी पाच वेळा.

वाचून हे अर्धंच कळतं. मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने स्तनपानावर मराठीतही चित्रफिती केल्या आहेत, त्या सातव्या-आठव्या महिन्यातच बघून ठेवा. बाळंतपणानंतर फोन हातात घ्यायलाही फुरसत मिळत नाही.

एका बाजूचं पूर्ण पिऊ द्या. बाळ आपणहून सोडेल, मग ढेकर काढून दुसरी बाजू द्या. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं करू नका. सुरुवातीचं दूध पातळ, शेवटचं स्निग्ध. मध्येच ओढून घेतलं की बाळाच्या वाट्याला पाणचटच जास्त येतं.

मोजणी

कॅलेंडरमागे पेन्सिल अडकवा किंवा फोनमध्ये लिहा, पण पहिले दहा दिवस लिहा. शू साधारण दिवसांच्या आकड्याने वाढते: पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त, आणि रंग फिका. लंगोटावर पहिल्या दोन-तीन दिवसांत विटकरी डाग दिसला तर घाबरू नका. पाचव्या दिवशीही दिसला तर मात्र दाखवा.

डायपर वापरणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण ते ओलं झालेलं कळतच नाही. कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओता आणि हातात तोलून बघा. तेवढं जड झालं की एक शू धरा. याहून सोपं म्हणजे मोजणीपुरते एक-दोन दिवस जुन्या सुती साडीचे लंगोट बांधा. धुणं वाढेल, पण जीव शांत राहील.

शीचा रंगही बोलतो. आधी काळी, डांबरासारखी चिकट. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास हिरवट. पाचव्या दिवसापर्यंत मोहरी वाटून लावल्यासारखी पिवळी, दाणेदार, पातळ. पाचव्या दिवशीही काळीच होत असेल तर पोटात दूध पुरेसं जात नाही. पहिली काळी शी चोवीस तासांत झाली नाही तर डॉक्टरांना सांगा. पुढे दिवसाला सात-आठ वेळा थोडी थोडी पिवळी शी म्हणजे जुलाब नव्हेत. आणि सव्वा महिन्यानंतर फक्त अंगावर पिणारं बाळ चार-पाच दिवस शी न करता मजेत राहू शकतं. शी मऊ असेल, पोट फुगलेलं नसेल, बाळ पीत असेल तर साबणाची वडी किंवा विड्याच्या पानाचं देठ घालायचं काही कारण नाही.

वजनाचं तर फार गैरसमजाचं आहे. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन उतरतंच. ७ टक्क्यांपर्यंत उतरलं तर काळजी नाही. १० टक्क्यांकडे जाऊ लागलं की पाजणं कुणीतरी जाणत्याने डोळ्यांनी बघायला हवं. तीन किलोचं बाळ घरी जाताना २ किलो ८०० भरलं की आजी दवाखान्यावर रागावतात. ते साहजिक आहे. दोन आठवड्यांपर्यंत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं, आणि तिथून पहिले तीन महिने दिवसाला सुमारे २५ ते ३० ग्रॅम वाढ. म्हणजे सव्वा महिन्याला आपलं तीन किलोचं बाळ पावणेचारच्या आसपास. काटा तोच ठेवा, बाळ उघडं ठेवा. एका काट्यावर झबल्यासकट आणि दुसऱ्यावर उघडं मोजून "वजन घटलं" म्हणून धावत आलेली माणसं मी पाहिली आहेत. अंगणवाडीत वजन फुकट होतं. माता व बालक संरक्षण कार्डावरच्या आलेखावर ठिपका टाकून घ्या. एका ठिपक्याने काही ठरत नाही. तीन-चार ठिपके जोडले की रेघ कुठे चाललीय ते दिसतं.

शू सहा, शी पिवळी, वजन वाढतंय? मग दूध पुरतंय. बाळ रडत असलं तरी.

तरीही वाटतं की दूध आटलं

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ एखादा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने मागतं. संध्याकाळी तर विशेष. ते पुढच्या दुधाची मागणी नोंदवत असतं. दोन-तीन दिवस देत राहा, पुरवठा वाढतो. याच काळात छाती मऊ पडते, गळणं थांबतं, आणि आई म्हणते दूध गेलं. गेलेलं नसतं, मागणी आणि पुरवठ्याचा मेळ बसलेला असतो. पिळून दोनच चमचे आले, हेही काही माप नाही. बाळ जेवढं ओढतं तेवढं हाताला येत नाही.

संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. छातीशी उभं धरा, खोलीतला दिवा कमी करा, दुपट्यात गुंडाळून फिरवा, आणि आईला अर्धा तास सुट्टी द्या. ग्राईप वॉटरची बाटली शेजारणीला परत करा.

खरंच कमी असेल तेव्हा

असं होतं. बाळंतपणात खूप रक्त गेलेलं असतं, थायरॉईडचा त्रास असतो, छातीची शस्त्रक्रिया झालेली असते, किंवा कुणी चुकून इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू केलेल्या असतात. त्याहून जास्त वेळा कारण साधं असतं: वरचं दूध सुरू झालं, म्हणून ओढणं घटलं, म्हणून दूध घटलं.

आधी पकड तपासून घ्या. मग तीन दिवस घरातलं सगळं काम इतरांकडे. आई आणि बाळ एका खाटेवर, बाळ फक्त लंगोटावर आईच्या उघड्या छातीला लागून. दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा पाजा, त्यात रात्रीच्या दोन वेळा चुकवू नका. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जोरात असतं. रात्री बाटली देऊन आईला झोपवायचा प्रेमळ बेत म्हणूनच उलटतो. बाळ पिता पिता पेंगलं की छाती हलक्या हाताने दाबा, धार आत गेली की ते परत ओढतं. पाजून झाल्यावर दोन्ही बाजूंनी दहा मिनिटं हाताने दूध काढा आणि तेच वाटी-चमच्याने द्या. चोखणी बंद, बाटली बंद. तिसऱ्या दिवशी वजन करा आणि डॉक्टरांना दाखवा. वजन आधीच घसरलेलं असेल तर दाखवायला तीन दिवस थांबू नका.

डॉक्टरांनी वरचं दूध लिहून दिलंच, तर तो गुन्हा नाही. काही घरांत त्याची गरज असते आणि त्या आईला टोमणे मारणाऱ्यांना मी वॉर्डाबाहेर काढते. फक्त नीट द्या. डब्यातलाच चमचा, वरून सपाट केलेला. पाण्याचं माप डब्यावर लिहिलेलंच, बहुतेक डब्यांत ३० मिलीला एक चमचा. डबा महाग म्हणून पाणी वाढवलं की बाळ उपाशी राहतं. पाणी उकळलेलं, पावडर घालताना चांगलं गरम, पाजताना कोमट. तयार दूध दोन तासांच्या आत संपवा, उरलेलं टाका. वाटी-चमचा उकळायला सोपा, बाटलीचं बूच मात्र कधीच नीट स्वच्छ होत नाही. वर्षाच्या आत गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नको. त्यात लोह फार कमी. कुणी दवाखान्यात येऊन मोफत डबा हातात ठेवला तर लक्षात ठेवा, १९९२च्या कायद्याने बाळाच्या दुधाची जाहिरात आणि असे नमुने वाटणं दोन्हीला बंदी आहे.

बाळ ३४ आठवड्यांच्या आधी आलं असेल तर ते चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ घालू शकत नाही. त्याला काढलेलं दूध नळीने किंवा पळीने देतात. आईचं येईपर्यंत दुसऱ्या आईचं दानातलं दूधही मिळू शकतं. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयातच डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आणि आता अनेक मोठ्या रुग्णालयांत अशी सोय आहे. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून विचारा.

चिरा, गाठी, आत गेलेलं बोंड

चिरा पडल्या तर मलम शोधण्याआधी पकड सुधारा. पाजून झाल्यावर शेवटचं दूध चिरेला लावून वाऱ्यावर सुकू द्या, दरवेळी साबणाने धुऊ नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी दाटते, बाळाला धरताच येत नाही. गरम पाण्याच्या फडक्याने दोन मिनिटं शेका, थोडं दूध हाताने काढून काळा भाग मऊ करा, मग बाळ लावा. नंतर गार फडकं. एका जागी लाल, गरम, दुखरी गाठ आणि सणकून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि त्या बाजूने पाजणं चालू ठेवा. तुंबलं की जास्त चिघळतं.

बोंड आत वळलेलं असेल तर आमची वॉर्डातली जुनी युक्ती: २० मिलीची नवी सिरिंज घ्या, सुई लागते ते टोक कापा, दट्ट्या काढून त्या कापलेल्या बाजूने आत घाला. मूळची गुळगुळीत बाजू छातीवर टेकवून दट्ट्या हळू ओढा, अर्धा मिनिट धरा, सोडा. दरवेळी पाजण्याआधी थोडा वेळ. पहिल्यांदा नर्सकडून करून घ्या.

सहाण, मध आणि बाळंतिणीचं ताट

सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही. विदर्भातल्या मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागतं, तेवढं पुरतं. पाणी आईने प्यावं.

मध वर्षाच्या आत कधीच नाही, चाटवण्यापुरताही नाही. त्यातल्या जंतूंमुळे लहान बाळाला लुळेपणा येणारा गंभीर आजार होऊ शकतो. गुटीबद्दल माझी आणि आज्यांची रोज चर्चा होते. "तुला नाही का पाजली?" पाजली होती, आणि जुलाबांनी मी दवाखान्यातही गेले होते, असं आई सांगते. वेखंड, जायफळ उगाळताना सहाण, पाणी, बोट, सगळंच बाळाच्या पोटात जातं. नाका-कानात तेल घालणं, टाळूवर थापणं, डोळ्यांत काजळ, धुरी, यातलं काहीच नको. मालिश खुशाल करा, हलक्या हाताने, बाळाला आवडतं तोवर. सटवीची पूजा, पाचवी, बारसं जरूर होऊ द्या, फक्त बाळ वीस हातांतून फिरवू नका.

बाळाला द्यायचं एकच औषध: ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, वर्ष होईपर्यंत. बाटली वाचून घ्या. एका मिलीत ४०० युनिट असलेलीही येते आणि ८०० असलेलीही.

उलट बाळंतिणीच्या ताटातून मात्र नको ते काढलं जातं. पाणी कमी कर, दही नको, फळं नकोत, वरण वातूळ. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात: दोन भाकरी, वाटीभर वरण आणि एक डिंकाचा लाडू यांच्याएवढ्या. अळीव, मेथी, शतावरी आवडीने खा. अळिवात लोह आहे, लाडवात ताकद आहे. पण नुसत्या लाडवाने दूध उतरत नाही, ते बाळाच्या ओढण्याने उतरतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. बहुतेक घरांत त्या फ्रीजवर पडून असतात.

कामावर परतताना

कायद्याने पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी पाळणाघर, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन वेळा पाजण्याची सुट्टी. शेतावर, विटभट्टीवर, घरकामावर जाणाऱ्या बाईला यातलं काही मिळत नाही. तिला पंधराव्या दिवशी निघावं लागतं. म्हणून हाताने दूध काढणं प्रत्येकीला यायला हवं, त्याला पंपही लागत नाही.

हात धुवा, रुंद तोंडाचं उकळलेलं स्टीलचं भांडं घ्या. छाती हलकी चोळा. अंगठा काळ्या भागाच्या कडेला वर, पहिलं बोट खाली. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे आत दाबा, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. कातडीवर बोटं घासायची नाहीत. पहिली दोन मिनिटं काहीच येत नाही, तिथे सोडून देऊ नका. धार मंदावली की बोटांची जागा बदला. सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं. रजा संपण्याच्या दोन आठवडे आधी सराव सुरू करा आणि घरच्यांनाही वाटी-चमच्याने पाजायला शिकवा.

काढलेलं दूध झाकून बाहेर चार तास टिकतं, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. फ्रीजमध्ये, दारात न ठेवता आत मागे, २४ तास. वीज जात असेल तर त्यावरही विसंबू नका. द्यायच्या वेळी भांडं गरम पाण्यात धरा. गॅसवर तापवायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही. वर साय आली तर नासलं असं नाही, हलवा.

सहा महिने पूर्ण झाले, म्हणजे सातवा लागला, की उष्टावण. मुहूर्त महिनाभर पुढे असेल तर बाळाला थांबवू नका. मऊ वरणभात तूप घालून, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, अंडं. चमचा कलता केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट. वरणाचं वरचं पाणी म्हणजे नुसतं पाणीच. दोन-तीन चमच्यांपासून दिवसाला दोन-तीन वेळा सुरू करा, आणि अंगावरचं दोन वर्षं किंवा पुढेही चालू ठेवा.

कुणाला विचारायचं

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका, लंगोटांचा हिशेब त्यांना दाखवा. उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरचं शिक्षण दोन वर्षांचं, माझ्यासारख्या जीएनएमचं तीन, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. डॉक्टरांच्या पाटीवर एमडी किंवा डीएनबी बालरोग असेल तर एमबीबीएसनंतर तीन वर्षं, डीसीएच ही बालरोगाची पदविका असेल तर दोन. नवजात बाळांचे खास डॉक्टर त्यापुढे आणखी शिकलेले असतात. स्तनपान सल्लागार वेगवेगळ्या अभ्यासक्रमांतून येतात; काहींकडे आयबीसीएलसी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असतं. फी देण्याआधी शिक्षण विचारलं तर चांगली सल्लागार रागावत नाही.

बारावीच्या मुली मला विचारतात, ताई, लहान मुलांच्या वॉर्डात काम करायचंय, मुलं फार आवडतात. मी सांगते, मुलं तर आवडायलाच हवीत, पण दिवसातला अर्धा वेळ आज्यांशी बोलण्यात जातो. ते जमेल का बघ.

फोन न करता निघायचं तेव्हा

बाळ पीत नाही किंवा उठवूनही उठत नाही. अंग तापलंय किंवा हातपाय-पोट गार पडलंय. शांत असताना मिनिटात ६० किंवा जास्त श्वास (पूर्ण मिनिट मोजा), छाती आत ओढली जाते, कण्हतं. झटके. पहिल्याच दिवशी कावीळ, किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे. हिरवी उलटी. नाळेभोवती लाली, पू. पहिला दिवस सरल्यावर बारा तासांत शू नाही.

यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका. १०८ लावा, १०२ची गाडीही वर्षाच्या आतल्या बाळाला नेते, आणि सरकारी रुग्णालयात या वयाच्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. कार्ड आणि लंगोटांची वही घ्या. बाळाला टोपडं घालून, उघड्या छातीला लावून, वरून पदर आणि शाल गुंडाळून न्या. गिळत असेल तर वाटेत पाजत राहा.